पहिले फोर्स फीडबॅक स्टिअरिंग घेताना पैसे मोटरवर घालावेत की ब्रेकवर?

राजारामपुरीकर

रेसिंग गेमसाठी पहिले फोर्स फीडबॅक स्टिअरिंग, म्हणजे आतल्या मोटरने गाडीचा जोर हातांना जाणवून देणारे स्टिअरिंग, घेऊ पाहणाऱ्याला हल्ली सरसकट एकच सल्ला मिळतो: थोडे थांबा, पैसे साठवा आणि डायरेक्ट ड्राइव्हच, म्हणजे थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेले स्टिअरिंगच, घ्या. मला हा सल्ला पटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत लॉजिटेक जी२९ सारखे गिअरवर चालणारे किंवा थ्रस्टमास्टर टी३०० सारखे बेल्टवर चालणारे स्टिअरिंग घ्यावे आणि उरलेली रक्कम लोड सेलच्या ब्रेकवर घालावी. साध्या पेडलमधला सेन्सर पेडल किती खाली गेले एवढेच मोजतो, तर लोड सेल पायाचा दाब मोजतो. खऱ्या गाडीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्येही चालकाच्या अंगवळणी पडतो तो दाबच; पेडल किती अंतर सरकले हे पायाला तितके नेमके लक्षात राहत नाही. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेणे, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, हे तर सर्वस्वी या दाबाच्या अंदाजावर चालते, आणि नवख्या माणसाचा लॅपमधला बराचसा वेळ तिथेच वाया जातो. मोटर कितीही भारी असली तरी चुकलेले ब्रेकिंग ती सावरू शकत नाही.

कार्टवाला

ब्रेकचा मुद्दा मान्य, पण आपण क्रम उलटा लावला आहे. आपल्या कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्ट (शर्यतीची छोटी उघडी गाडी) चालवलेल्या कोणालाही विचारा: मागची बाजू सुटू लागली की पहिली खबर कमरेला लागते. गेममध्ये खुर्ची जागची हलत नाही, त्यामुळे कमरेचे कामही हातांनाच करावे लागते, आणि हातांपर्यंत ती खबर पोचवणारी एकमेव वस्तू म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर.

पुढच्या टायरची खबरही हीच मोटर देते; ती कशी येते ते पाहू. वळणात पुढचे टायर स्टिअरिंगला सरळ करण्याचा प्रयत्न करत असतात. पकड संपत आली की हा सरळ करणारा जोर आधी उतरू लागतो आणि बाजूची पकड तिच्या कमाल मर्यादेला त्यानंतर पोचते. म्हणूनच गाडी वळणाबाहेर सरकण्याच्या क्षणभर आधी स्टिअरिंग हलके पडते. हा फरक अगदी बारीक असतो. जी२९ चा कमाल जोर दोन न्यूटन मीटरच्या (पिळाचा जोर मोजायचे एकक) आसपास, त्यात दातांचे घर्षण आणि मधोमध थोडी ढिलाई. बारीक जोर तिथेच विरतो. गेममध्ये गेन, म्हणजे एकूण जोराचे प्रमाण, वाढवला तर मोठ्या वळणात मोटर कमाल मर्यादेला भिडते, म्हणजे क्लिपिंग होते, आणि त्यापुढचे सगळे चढउतार सपाट होतात. गेन कमी केला तर बारीक जोर मुळातच जाणवत नाही. मोझा आर५ सारख्या साध्या डायरेक्ट ड्राइव्हमध्येही साडेपाच न्यूटन मीटर मिळतात आणि स्टिअरिंग थेट मोटरच्या शाफ्टवर असल्यामुळे मध्ये काही आडवे येत नाही.

राजारामपुरीकर

आपण दिलेले कारण बिनतोड आहे, मात्र ते ज्याला वेग आधीच साधला आहे त्याच्या कामाचे आहे. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये गेन बेताचा ठेवून मिनिमम फोर्स, म्हणजे मोटरने द्यायचा किमान जोर, थोडा वाढवला तर मधली ढिलाई बरीच झाकली जाते आणि बारीक जोरही जाणवू लागतो. शिवाय आपण सांगता त्या आर५ च्या संचात येणारे ब्रेक पेडल लोड सेलचे नसते, हे खरेदीच्या वेळी कोणी आवर्जून सांगत नाही.

कार्टवाला

मिनिमम फोर्स वाढवल्याने जोर जाणवतो खरा, पण लहान जोर आणि त्याहून लहान जोर यांतला फरक त्यात पुसला जातो, आणि माझे सगळे म्हणणे त्या फरकाविषयीच होते. शिवाय पीसीवर ब्रेक नंतर बदलता येतो; वेगळे यूएसबी पेडल जोडले की झाले. मोटर बदलायची म्हणजे अख्खे स्टिअरिंग विकून नवे घ्यायचे.

उद्यमनगरचा पाहुणा

आपण दोघेही एक खर्च विसरत आहात. लोड सेलच्या ब्रेकवर पूर्ण दाब दिला की चाकांची खुर्ची मागे पळते आणि पेडलचा संच भिंतीकडे सरकतो. आणि पाच न्यूटन मीटरची मोटर अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळली तर फळी करकरते आणि सनमायकाची कड उचकटते. तयार रिग, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवायची चौकट, मागवण्यापेक्षा उद्यमनगरात चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घ्यावी आणि तिच्यावर भंगारातले गाडीचे सीट बसवावे. पेडलच्या पाटीला मागून आडवा पाइप टाकायला सांगा, कारण सगळा ताण तिथे येतो. भोके गोल न पाडता लांबट खाच पाडून घ्या, म्हणजे घरात उंची वेगवेगळी असली तरी पेडल पुढेमागे करता येते. हे झाल्याशिवाय लोड सेल काय आणि डायरेक्ट ड्राइव्ह काय, दोन्हींचे पैसे निम्मे वाया जातात.

शाहूपुरीतील पालक

आमच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे, मुलगा बारा वर्षांचा आहे आणि संगणक घेण्याचा विचार नाही. वरच्या चर्चेतले आम्हाला नेमके काय लागू पडते?

राजारामपुरीकर

तुमच्या बाबतीत निवड कन्सोलच ठरवतो. जी२९ प्लेस्टेशनवर चालते, पण जवळपास तसेच दिसणारे जी९२० एक्सबॉक्ससाठी आहे. जुने घेताना नेमकी इथे गल्लत होते. वर आलेले आर५ पीसीसाठी आहे, तेव्हा ते बाद. पेडल वेगवेगळ्या कंपन्यांची जोडण्याची मोकळीकही प्लेस्टेशनवर सहसा मिळत नाही. टी३०० ला मात्र त्याच कंपनीचे लोड सेलवाले टी-एलसीएम पेडल थेट लागते, त्यामुळे स्टिअरिंग आधी आणि ब्रेक पुढच्या वर्षी असे करता येईल.

कार्टवाला

प्लेस्टेशनसाठी फॅनाटेकचे ग्रॅन टुरिस्मो डीडी प्रो हे पाच न्यूटन मीटरचे डायरेक्ट ड्राइव्ह आहे, त्यामुळे तो दरवाजा बंद नाही. मात्र फॅनाटेकची मूळ कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तो व्यवसाय कोर्सेअरने घेतला, तेव्हा आपल्याकडे दुरुस्ती कोण करून देणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बारा वर्षांच्या मुलासाठी जोर सुरुवातीला निम्म्यावर ठेवा, आणि गाडी भिंतीवर आदळणार असे दिसले की अंगठे आऱ्यांच्या बाहेर काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आपले बजेट आणि टीव्हीसमोरची जागा कळवलीत तर पुढचे सांगता येईल.