टेंबलाईला पाणी वाहायची प्रथा प्लेगातली का?

आमचं मूळ घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाट हाकेच्या अंतरावर. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी गल्ली नदीचं नवं पाणी घेऊन टेंबलाई देवीच्या टेकडीवर जाते. पोरींच्या डोक्यावर कळशा, त्यात कडुलिंबाचा डहाळा, पुढं पी-ढबाक वाजाप. आजी सांगायची, "प्लेगात घरात उंदीर पडायला लागले, तशी माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. तवापासनं हे पाणी." आजी १९२६ ची, म्हणजे तिनंही ते ऐकलेलंच. परवा लेकीनं विचारलं, "खरं का गं?" मला सांगता येईना. कुणी जाणकार आहे का?

गंगावेशीतले काका:
ताई, आजींनी दोन संकटं एकाच गाठोड्यात बांधलीत असं मला वाटतं. माळावरच्या झोपड्या खऱ्याच. १८९६-९७ ला आधी दुष्काळ पडला, शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, आणि माणूस सावरतोय तोवर प्लेग. पण प्लेगाचा जोर मुंबईकडं थंडीत असायचा, उन्हाळ्यात ओसरायचा. आषाढातलं भय वेगळं. नदीला गढूळ पाणी आलं की पटकी, म्हणजे कॉलरा, यायची. सकाळी जुलाब, संध्याकाळी माणूस खलास. माझ्या वडिलांच्या दोन आत्या अशाच एका आठवड्यात गेल्या. आता जे पाणी प्यायचं त्याचीच भीती, तेच आधी देवीला द्यायचं, हे मला जास्त पटतं.

आणि टेंबलाई म्हणजे रुसलेली बहीण. कोल्हासुराच्या युद्धानंतर मान राहिला नाही म्हणून अंबाबाईकडं पाठ करून बसली. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला जाते, कोहळा फुटतो. रुसलेल्याला आधी विचारायचं, ही आपल्याकडची घरातली रीतच न्हवं का?

२०२० ला आमच्या गल्लीतनं पाचच माणसं गेली, तोंडाला मास्क, वाजाप नाही. सरकारनं तेव्हा काढलेला साथरोग कायदा १८९७ चाच, प्लेगासाठी केलेला. त्या दिवशी आजींचं बोलणं एका अर्थी खरं झालं म्हणायचं.

उचगावकर:
प्लेग असू दे नाहीतर पटकी, वर्गणी मात्र दरवर्षी वाढते राव. मटणाचा वाटा तेवढाच. 😄

मूळ प्रश्नकर्ती:
काका, पटकीचं वाचून एक आठवलं. आषाढ लागला की आजी माठाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायची आणि आम्हा पोरांना घाटावर पाणी प्यायला सक्त मनाई. देवीला घातलेलं तीर्थ मात्र ओंजळीनं पाजायची! लेकीला हे सांगितलं, तर म्हणाली, "आई, मग ते तीर्थ उकळलेलं होतं का?"

गंगावेशीतले काका:
पोरगी हुशार आहे. शुक्रवारी घेऊन या तिला, कळशी आमच्या घरची देतो.