डिसइंटरेस्टेड: निःस्पृह, तटस्थ की उदासीन?

मुक्ता_वाचक: जीआरई या परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्दांची कार्डं करतेय. 'डिसइंटरेस्टेड'च्या मागे 'निःस्पृह' लिहिलं. सोबत अभ्यास करणारा मित्र म्हणतो, चूक, 'ज्याला रस नाही तो' असं लिही, लोक तसंच वापरतात. पण सरावाच्या वाक्यांत हा शब्द पंच, न्यायाधीश यांच्यासाठी येतो. काय लिहू?

तळटीप: निःस्पृह नको. रामशास्त्री निःस्पृह होते, तो स्वभाव झाला. डिसइंटरेस्टेड माणूस एरवी पक्का लोभी असेल, फक्त समोरच्या प्रकरणात त्याचे हितसंबंध गुंतलेले नसतात. 'इंटरेस्ट' म्हणजे रस, व्याज आणि हितसंबंधही. इथे तिसरा अर्थ. 'तटस्थ' लिहा.

जुनी_वही: तटस्थ माणूस बाजू घेत नाही, पंचाला तर निवाडा द्यावाच लागतो! आपला खरा शब्द 'उदासीन'. उद् + आसीन, बाजूला बसलेला. गीतेतल्या भक्ताच्या लक्षणांत तो याच अर्थाने आहे. तुकोबा धन 'उदास विचारें' वेचायला सांगतात, तिथे खिन्नता नाही, अनासक्ती आहे. आपण वापरून वापरून तो शब्द बिघडवला.

मुक्ता_वाचक: मग सरळ 'निःपक्षपाती'?

तळटीप: जवळ जाता, पण निःपक्षपात वागण्यात असतो. स्वतःच्या भावाचा खटलाही एखादा निःपक्षपातीपणे चालवील, तरी त्याला डिसइंटरेस्टेड म्हणता येणार नाही.
आणि जुनी_वही, शब्द बिघडत नाहीत, सरकतात. 'इंडिफरंट'चाही जुना अर्थ निःपक्षपाती, आज 'बेफिकीर'. डिसइंटरेस्टेड तर सतराव्या शतकातच 'रस नसलेला' या अर्थाने सापडतो. मुक्ताच्या मित्राला इतक्या सहज चूक ठरवू नका.

जुनी_वही: जुनं आहे म्हणून फरक पुसायचा? त्या अर्थाला 'अनइंटरेस्टेड' आहे की. दोन शब्द असताना एकावरच सगळा भार टाकला, तर भाषा गरीब होते.

सराव_चालू: मंडळी, परीक्षा तिची आहे! विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न 2011मध्येच गेले. आता सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये वाक्यातली रिकामी जागा भरून सारखाच अर्थ देणारे दोन शब्द सहा पर्यायांतून निवडायचे, एक चुकला की गुण नाही. त्यामुळे शब्दाला शब्द नकोच, कार्डावर अख्खं वाक्य लिही. 'क्वालिफाय' सगळ्यांना 'पात्र ठरणे' म्हणून पाठ असतं, आणि उताऱ्यात भेटते 'क्वालिफाइड' स्तुती, म्हणजे हातचं राखून केलेली. पात्रतेचा तिथे काही संबंध नाही.

मुक्ता_वाचक: 'हातचं राखून' फारच नेमकं! हे लगेच कार्डावर लिहिलं.

जुनी_वही: बघा, शेवटी मराठीच कामाला आली. हा बेरजेतला हातचा बरं का.

तळटीप: पटत नाही. बेरजेतला हातचा पुढच्या घरात मिळवायचाच असतो, राखून कुठे ठेवतो आपण? हे हातात असलेलं सगळं न देणं आहे.

जुनी_वही: पण मिळवेपर्यंत तो बाजूला राखलेलाच असतो ना! 'हातचा धरणे' आणि 'हातचं राखणे' वेगळे कसे, ते सांगा आधी.