ओरोमोंच्या छळाचं संशोधन देशाबाहेर बसून झालं, तर त्याला स्वतंत्र म्हणायचं का?

माळरान (धागाकर्ती)

इथिओपियावरच्या एका चर्चेत कुणीतरी ठणकावून लिहिलं, "ओरोमोंवरचे अहवाल केनियात बसून लिहिलेत. त्यांना कवडीची किंमत नाही." मला हे साफ अमान्य आहे, म्हणून हा धागा.

ओरोमो हा इथिओपियातला सगळ्यात मोठा समाज, लोकसंख्येच्या साधारण एक तृतीयांश. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संस्थेने २०१४ च्या अहवालात म्हटलं की २०११ ते २०१४ या काळात किमान ५,००० ओरोमोंना सरकारविरोधाच्या नुसत्या संशयावरून पकडलं गेलं. विद्यार्थी, गायक, शेतकरी, कुणीही. 'ओरोमो लिबरेशन फ्रंट' या तेव्हा बंदी असलेल्या बंडखोर संघटनेला मदत केली, एवढा ठपका पुरायचा. अहवालाचा आधार होता दोनशेहून जास्त लोकांच्या साक्षी, त्यातल्या बहुतेक केनिया, सोमालीलँड आणि युगांडातल्या निर्वासितांच्या.

बाहेर का? कारण ॲम्नेस्टीच्या लोकांना २०११ मध्ये देशातून काढलं आणि पुन्हा येऊच दिलं नाही. देशातल्या संस्थांचं काय? २००९ च्या कायद्याने दहा टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून घेणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांवर काम करायला मनाई केली. १९९१ पासून नोंदी ठेवणाऱ्या इथिओपियन ह्युमन राइट्स कौन्सिलची बँक खाती गोठवली. आधी दाराला कुलूप घालायचं आणि मग "आत येऊन का नाही पाहिलंस?" म्हणून विचारायचं, असा हा प्रकार आहे.

सह्यवारा

धाग्याशी असहमत. सरकारची बाजू घेत नाही, पण पद्धतीबद्दल बोलतो. निर्वासिताला आश्रय हवा असतो. आपली कहाणी जितकी भयंकर, तितका आश्रय मिळण्याची शक्यता जास्त. अशा साक्षींवर इमारत उभी केली तर पाया कच्चाच राहणार.

आकडे बघा. २ ऑक्टोबर २०१६ ला बिशोफ्तू शहरात ओरोमोंच्या इरीचा सणात चेंगराचेंगरी झाली. सरकार म्हणतं ५५ मेले, विरोधी गट सहाशेच्या वर सांगतात. मी कुणावर विश्वास ठेवायचा? आणि जून २०२२ मध्ये ओरोमियाच्या पश्चिम वोलेगा भागातल्या तोलेत अम्हारा या दुसऱ्या समाजाचे शेकडो गावकरी मारले गेले. सरकारने ठपका ठेवला ओरोमो लिबरेशन आर्मी या बंडखोर गटावर. त्या गटाने तो नाकारला. ओरोमोंच्या दुःखाचे अहवाल लिहिणाऱ्यांना तोले दिसतं का?

माळरान

दिसतं. तोलेवर ॲम्नेस्टीने त्याच वर्षी जुलैत लिहिलं, ह्युमन राइट्स वॉच या तशाच संस्थेने ऑगस्टमध्ये. ॲम्नेस्टीने तोलेच्या साक्षी कशा घेतल्या? फोनवरून. म्हणजे तेही देशाबाहेर बसूनच. तोलेचं त्यांचं काम तुम्हाला मान्य असेल, तर त्याच पद्धतीने केलेलं २०१४ चं काम कुठल्या तोंडाने नाकारणार? माझ्यासाठी स्वतंत्रपणाची कसोटी हीच आहे. आज सरकार दोषी दिसलं तर ते लिहायचं, उद्या बंडखोरांवर बोट दाखवलं जात असेल तर तेही लिहायचं.

इरीचाच्या आकड्याबद्दल: मोठा आकडा आपोआप खरा होत नाही, मान्य. पण सरकारी आकडा बाहेरच्या कुणालाही तपासू दिला नाही, हे विसरू नका.

जुना मास्तर

मी २०१४ च्या सुमारास ओरोमियात, म्हणजे ओरोमोंच्या प्रांतात, एका विद्यापीठात शिकवत होतो. आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक तेव्हा तिकडे होते. एप्रिल २०१४ मध्ये अदिस अबाबाच्या विस्तार आराखड्याविरुद्ध मुलं रस्त्यावर उतरली. शहर वाढलं की आजूबाजूच्या ओरोमो शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार, ही भीती. आठवड्याभरात हजेरीपटावर रिकाम्या जागा दिसायला लागल्या. नाव पुकारलं की वर्गात कुणी वर बघायचं नाही. एक मुलगा बऱ्याच दिवसांनी परत आला. डाव्या हाताने लिहीत होता, उजवा मनगटापासून सुजलेला. मी विचारलं, तर म्हणाला, "सर, प्लीज, नको."

सह्यवारा, तुमचा तर्क उलटा लावून बघा. आतला माणूस कुणाजवळच तोंड उघडत नव्हता. सीमा ओलांडल्यावरच तो बोलणार. मग साक्षी बाहेर मिळणार नाहीत तर कुठे?

तरीही माझी एक तक्रार आहे. हे अहवाल शहरातल्या शिकलेल्यांच्या अटकांबद्दल भरभरून लिहितात. बोरानासारख्या भागातल्या गुराख्याची व्यथा त्यात थोडीच येते, कारण तो नैरोबीतल्या मुलाखतीपर्यंत पोचतच नाही.

अबोली

"आपला काय संबंध?" असं कुणी विचारायच्या आधीच सांगते: बंगळुरूच्या करुतुरी कंपनीने ओरोमियातल्या बाकोत हजारो हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. भारतीय पैसा तिथे पोचतो, मग तिथल्या बातम्या वाचायला काय हरकत?

सह्यवारा

मास्तर, तुमचा अनुभव मी खोटा मानत नाही. तोलेबद्दलचा मुद्दाही घेतला. पण एवढा मोठा देश, त्याचा स्वतःचा मानवी हक्क आयोग आहे. तो आत जाऊ शकतो, दोन्ही बाजूंना भेटू शकतो. बाहेरच्यांपेक्षा मी त्याला वजन देईन. शिवाय २०१८ पासून पंतप्रधानच ओरोमो आहेत. जुनी गाऱ्हाणी किती दिवस?

माळरान

आयोगाचंच घ्या. जून २०१६ मध्ये त्याने सांगितलं की ओरोमियातल्या आंदोलनात १७३ जण मेले आणि बळाचा वापर प्रमाणात होता. त्याच महिन्यात ह्युमन राइट्स वॉचने चारशेहून अधिक मृत्यू सांगितले.

पुढे डॅनियल बेकेले आयोगाचे प्रमुख झाले. ते एकेकाळचे राजकीय कैदी, ह्युमन राइट्स वॉचमध्ये काम केलेले. ओरोमो गायक हचालू हुंडेसा यांच्या खुनानंतर जून-जुलै २०२० मध्ये जो हिंसाचार झाला, त्यावरच्या अहवालात आयोगाने १२३ मृत्यू नोंदवले. त्यातले ७६ सुरक्षा दलांच्या हातून, आणि जमावाने केलेले हल्लेही त्यात स्पष्ट लिहिले. डिसेंबर २०२१ मध्ये ओरोमोंपैकीच करायू समाजाचे १४ जण मारले गेले, त्यात गदा या ओरोमोंच्या पारंपरिक स्वशासन पद्धतीचे पुढारीही होते. त्याची जबाबदारीही आयोगाने सुरक्षा दलांवर टाकली. पंतप्रधान तेव्हा ओरोमोच होते.

म्हणजे आयोग तोच, देश तोच. माणसं बदलली तसं काम बदललं. बेकेलेंची मुदत २०२४ मध्ये संपली. इथिओपियातल्या हक्कभंगांचा तपास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आयोगाला ऑक्टोबर २०२३ नंतर मुदतवाढ मिळाली नाही. आणि ज्या कौन्सिलची खाती २००९ मध्ये गोठवली होती, तिचं काम २०२४ च्या अखेरीस सरकारने पुन्हा थांबवलं.

सह्यवारा, यानंतर ओरोमियात गोळीबार झाला तर आत जाऊन मोजणारं कोण, ते तुम्ही सांगा.