सुकाणूचा खटका सुटतोय? स्प्रिंग आवळण्याआधी झीज शोधा

खारा वारा

शिडाच्या छोट्या कॅटमरानवर (दोन अरुंद हल, म्हणजे होडीची अंगं, शेजारी जोडून केलेली बोट) सुकाणू खाली लॉक न राहण्याचं दुखणं बहुतेकांना कधी ना कधी भेटतं. सुकाणूचं पातं एका खटक्याने खाली अडकून राहतं आणि आपटलं की सुटून वर येतं; खटक्याची पकड स्प्रिंगवर ठरते. कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: स्प्रिंगचा स्क्रू आवळा. माझं मत उलट आहे. स्क्रूला हात लावणं हे सगळ्यात शेवटचं काम.

माझी बोट सोळा फुटी, जुनी, दोन सुकाणूंची. हलक्या वाऱ्यात कसलीच तक्रार नसायची. वारा वाढला, एक हल पाण्याबाहेर आला, वेग चढला की पाण्यातलं सुकाणू खट्‌कन सुटायचं आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) एकदम जड व्हायचा. दोन मोसम मी दर वेळी स्क्रू अर्धा फेरा आत घेत गेले. शेवटी किनाऱ्याला लागताना पातं वाळूत रुतलं, खटका सुटलाच नाही, आणि ट्रान्समवरची (हलच्या मागच्या भिंतीवरची) सुकाणू धरणारी खालची कडी स्क्रूंसकट उपटून हातात आली.

सगळं खोलल्यावर कळलं की स्प्रिंग धडधाकट होती. पात्यातून जाणाऱ्या बोल्टचं भोक लांबट झालं होतं. कॅम (खटका ज्यात अडकतो तो फिरता तुकडा) ज्या पिनेवर फिरतो ती मधोमध झिजून बारीक झाली होती. त्यामुळे खटका पूर्ण बसतच नव्हता, कॅमच्या कडेवर कसाबसा टेकून राहायचा. टेकलेली वस्तू घसरणारच, स्प्रिंग कितीही आवळा.

तुम्ही तपासायचं असेल तर बोट जमिनीवर उंच टेकवा, म्हणजे पाती मोकळी लोंबतील. सुकाणू लॉक करा, एकाला टिलर घट्ट धरायला सांगा आणि पात्याचं खालचं टोक पुढे-मागे हलवा. हलताना डोळे टोकावर नकोत, वर सांध्यावर हवेत: बोल्टपाशी हलतंय, कॅमपाशी हलतंय की ट्रान्समच्या कड्यांत? माझ्या बोटीवर टोकाशी तब्बल ३ सेंमी खेळ, म्हणजे ढिलेपणा, होता.

तांडेल

तुमची कडी तुटली त्याचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटत नाही. तो स्क्रू बनवणाऱ्याने दिलाय तो आवळण्यासाठीच. स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबून राहिली की नरम पडते, हे तर मान्य कराल? मग पहिलं काम तेच, कारण त्याला दोन मिनिटं लागतात. पिना आणि बोल्ट काढणं म्हणजे अख्खा दिवस. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या ओतीव भागात खाऱ्या पाण्याने असा चिकटतो की डोकं तुटतं पण स्क्रू फिरत नाही. नवख्याला हे सांगून तुम्ही त्याचा चालता भाग मोडायला लावताय.

खारा वारा

तांडेलदादा, स्प्रिंग नरम पडते हे मान्य. पण ती नरम पडली की नाही हे आवळून कळत नाही, मोजून कळतं. पात्याच्या टोकाला दोरीचा फास घालून ताणकाटा लावा आणि हळूहळू मागे ओढा. किती किलोला खटका सुटतो ते दोन्ही बाजूंना तीन-तीनदा लिहून ठेवा. स्प्रिंग खरंच नरम असेल तर आकडा कमी येतो, पण दर वेळी जवळपास तोच. झीज असेल तर आकडा उड्या मारतो. माझ्या डाव्या सुकाणूचा आकडा एकदा ९ आला, लगेच पुढच्या ओढीत १६.

चिकटलेल्या स्क्रूचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. जोर लावू नका. भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा, मग ओतीव भाग हीट गनने गरम करा. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. प्लॅस्टिकचा कॅम आणि पातं त्या उष्णतेपासून लांब ठेवा. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (स्क्रू चिकटू न देणारी) लावा.

दोरखंड

एवढी डोकेफोड कशाला? टिलर खाली दाबून दोरीने बांधून टाका. कॅटमरान हा शब्दच तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे बांधलेली लाकडं. आपली सांगडही बांधूनच होते. मी दोन मिलिमीटरची बारीक दोरी वापरतो. पातं आपटलं तर दोरी तुटते, बोट वाचते. फ्यूजसारखं काम. खोल पाण्यात तर आपटायला काही नसतंच.

ओहोटी

दोरखंड, मी नवशिक्यांना शिकवते, म्हणून याला ठाम विरोध. खोल पाण्यात ओंडके तरंगत असतात, जाळ्यांच्या दोऱ्या असतात. आणि परत येताना शेवटच्या पन्नास मीटरमध्ये लाटा मागून ढकलत असतात, वेग तुमच्या हातात नसतो. त्या वेळी ओल्या हातांनी गाठ सोडायची, टिलरही सांभाळायचा, पुढे पाण्यात माणसं आहेत का तेही पाहायचं? बारीक दोरी नेमकी किती ताणाला तुटेल हे गाठीवर, घासलेल्या जागेवर आणि उन्हाने ती किती कुजलीय यावर ठरतं. हिला फ्यूज कसं म्हणायचं?

या बोटींचा उगम आठवा. होबी अल्टर यांची होबी १४ ही १९६८ची, त्यामागून होबी १६ आली. कल्पनाच अशी की बोट थेट वाळूवरून लाटांत ढकलायची आणि परत वाळूवरच चढवायची. म्हणून सेंटरबोर्ड (बोट आडवी सरकू नये म्हणून मधोमध खाली सोडलेली फळी) नाही, हलचा आकारच दोन बाजूंना वेगळा. हलच्या खाली फक्त सुकाणूच जातं. ते आपटल्यावर आपोआप वर आलं पाहिजे, यावर सगळी रचना उभी आहे.

दोरखंड

ठीक. पण मग दुसरी बाजूही सांगा. सुकाणू अर्धवट वर आलं तर टिलर ओढता येत नाही, बोट वाऱ्याकडे तोंड करते, आणि जोराच्या वाऱ्यात ताबा गेला की उलटते. नवशिक्याला त्याचाही धोका आहेच ना?

खारा वारा

आहेच, आणि तो लोक कमी लेखतात. हिशोब करून बघा. पाण्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू पात्याच्या बिजागरीच्या बोल्टपासून ४० सेंमी खाली धरा. पातं फक्त १० अंश मागे सरकलं, तर तो बिंदू जवळपास ७ सेंमी मागे जातो. नीट बसलेल्या पात्यात हे अंतर सुकाणू ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळतं त्यापासून जेमतेम दोन-तीन सेंमी असतं. म्हणजे हातावरचा भार एकदम तिप्पट-चौपट. वर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग ८ नॉटचा (ताशी सागरी मैल) १६ झाला की चौपट. म्हणून खटका नेमका सुसाट असताना सुटतो.

पण यातून निघतं काय? पातं पूर्ण खाली, घट्ट आणि दर वेळी त्याच जागी बसलं पाहिजे. टिलर दोरीने बांधलात तरी लांबट भोकातला खेळ तसाच राहतो, पातं मागे कललेलंच राहतं.

वल्हं

मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. कॅमची ही यंत्रणाच काढून टाका. पातं खाली ओढणारी दोरी आणि ठरावीक ताणावर आपोआप सुटणारं क्लीट (दोरी पकडून ठेवणारी पकड) बसवा. झिजली तर दोरी बदलायची, संपलं. वाळू अडकायला जागाच नाही. मी बदल केल्यापासून एकदाही त्रास नाही.

तांडेल

वल्हं, शर्यतीत उतरणाऱ्याला ते चालणार नाही. एकाच साच्याच्या बोटींच्या वर्गात असा बदल केला की बोट बाद. शिवाय त्या क्लीटलाही वाळू लागते, आणि त्याचाही ताण स्क्रूनेच ठरवावा लागतो. तोच प्रश्न दुसऱ्या डब्यात.

बाकी खारा वारा, ताणकाट्याची युक्ती मला आवडली. पण ओतीव भागातलं भोकच मोठं झालं असेल तर काय? नवा भाग घ्यायचा?

खारा वारा

नेहमी नाही. मी असं केलं: पात्याचं भोक सँडपेपरने खरखरीत केलं, ॲसिटोनने पुसलं, तंतू मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरलं आणि नीट सुकल्यावर मापाचं भोक नव्याने पाडलं. बोल्ट हाताच्या जोराने आत जाईल पण हलणार नाही, इतकंच. भोक पाडताना ते केसभर सरकवून पातं थोडं पुढे झुकवता येतं, म्हणजे टिलर हलका होतो. पण हे जपून, जास्त झालं तर सुकाणू हातातून पळतं. ॲल्युमिनियमच्या भोकात मात्र मी इपॉक्सीवर विसंबले नाही, तिथे बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवून घेतलं. कॅम आणि त्याची पिन दोन्ही बाजूंची नवी घेतली. एकाच बाजूची बदललीत तर दोन सुकाणू वेगवेगळ्या ताणाला सुटतील.

ग्रीस लावू नका. वाळू त्यात बसते आणि ग्रीसची पॉलिश पेस्ट होते. गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारायचा.

ओहोटी

यात एक भर घालते, कारण शिकणाऱ्यांकडून अर्धे कॅम इथेच मोडतात. सुकाणू वर असताना कॅम चुकून मिटला, तर टिलर दाबूनही खाली बसत नाही. मग लोक त्यावर अंगाचा भार टाकतात. त्याआधी कॅमच्या बाजूची खाच बघा. तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून कॅम उघड्या स्थितीत फिरवला की टिलर सहज बसतो. मी तो स्क्रूड्रायव्हर लाइफ जॅकेटलाच बांधून ठेवते.

दोरखंड

लांबट भोकाचा मुद्दा पटला, तपासतो. दोरी मात्र बोटीवर राहणार. मधेच कॅम मोडला तर परत यायला दुसरं काही नाही.

खारा वारा

परत येण्यापुरती दोरी माझ्याकडेही आहे. टिलरला सरकगाठ मारा, एका झटक्यात सुटणारी, आणि तिचं टोक सोबत्याच्या हातात द्या. पाणी कमरेएवढं व्हायच्या आत त्याने ती ओढायची.

तांडेल

आज मोजलं. उजवं ११, ११, १२. डावं ७, १३, ८. डाव्याचा बोल्ट काढायला घेतलाय, तेल सोडून ठेवलंय.