अनुभव धागा : दुसऱ्याच्या वर्गात मागे बसताना

मागचा_बाक
परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना २०१३ सालची माझी शाळाभेटींची डायरी हाती लागली आणि तिच्यातल्या एका पानाने दोन दिवस पाठ सोडलेली नाही. मी तेव्हा गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षकांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या कार्यालयात, गणिताचा साधनव्यक्ती (शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना मार्गदर्शन करणारा) म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'इयत्ता तिसरी. हातच्याची वजाबाकी कच्ची. शिक्षिकेस मार्गदर्शन केले.'

ते मार्गदर्शन असे होते. एका मुलीने ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिले होते. मी मागच्या भिंतीपाशी बसलेला उठलो, बाईंच्या हातातला खडू घेतला आणि चाळीस मुलांसमोर वीस मिनिटे उत्तम पाठ घेतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई खिडकीपाशी उभ्या राहून पदराच्या टोकाने हाताची खडूची भुकटी पुसत राहिल्या, आणि पुढच्या भेटीच्या दिवशी त्या रजेवर होत्या.

तिसऱ्या भेटीत मात्र मी गप्प बसलो. बाईंनी त्याच मुलीला जवळ घेऊन, ३५ कसे आले ते सांग, एवढेच विचारले. तिने सांगितले, "मोठ्यातून लहान वजा करायचे असते, म्हणून सातातून दोन काढले." पहिलीत हा नियम तिने घोटून पाठ केला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मला घाम फुटला, कारण दोन वर्षांपूर्वी, साधनव्यक्ती होण्याआधी, तालुक्याच्या प्रशिक्षणात मुलांना सोपे जावे म्हणून हाच नियम मी शिक्षकांना दिला होता. मग बाईंनी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. सात काड्या दे म्हटल्यावर तिने थोडा वेळ विचार केला आणि कोणी न सांगता एका गठ्ठ्याचा दोरा सोडला.

ज्यांनी शिक्षकांना वर्गात साथ देण्याचे काम केले आहे, किंवा ज्यांच्या वर्गात असे कोणी येऊन बसले आहे, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

दोनशिक्षकी
मी त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंच्या जातकुळीतली. आमच्याकडे येणारे बहुतेक साहेब प्रथम पोषण आहाराची नोंदवही पाहतात, मग युडायसची (सरकारला पाठवायच्या शाळेच्या आकडेवारीची) माहिती मागतात आणि निघताना शेरेपुस्तकात 'अध्यापनात सुधारणेस वाव आहे' असे लिहितात. तो वाव नेमका कुठे आहे, हे एकवीस वर्षांत कोणी सांगितलेले नाही.

अपवाद एका साधनव्यक्ती ताईंचा. त्यांनी खुर्ची नाकारली आणि मुलांच्या सतरंजीवर शेवटच्या ओळीत मांडी घालून बसल्या. पाठ संपल्यावर त्यांनी मला एक कागद दिला, त्यावर माझ्या वर्गाची बैठक काढलेली होती आणि मी ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे रेघ मारलेली होती. सतरा रेघांपैकी चौदा रेघा पहिल्या ओळीतल्या तिघांच्या नावापुढे होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मला राग आला, कारण तो कागद खोटा म्हणता येत नव्हता. तो अजून माझ्या टाचणवहीत आहे.

चहा_बिनसाखरेचा
'सुधारणेस वाव आहे' हा शेरा आमच्या शाळेच्या कौलांनाही लागू पडतो. क्षमा असावी, मधल्या सुट्टीत लिहीत आहे, सविस्तर नंतर लिहीन.

केंद्रातला_एक
दोनशिक्षकी ताई, तुमचा राग मान्य आहे, परंतु थोडी आमचीही बाजू ऐका. माझ्यासारख्या केंद्रप्रमुखाने केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करावे, याच हेतूने हे पद नव्वदच्या दशकात निर्माण झाले. प्रत्यक्षात माझ्याकडे शेजारच्या रिक्त केंद्राचाही कार्यभार आहे आणि वर्गात बसलो की दहाव्या मिनिटाला 'माहिती तात्काळ सादर करावी' असा संदेश येतो. शिवाय जो माणूस तुमच्या गैरहजेरीचा अहवाल पाठवू शकतो, त्याच्यापुढे तुम्ही तुमची अडचण का उघड कराल? ही गाठ मला अजून सुटलेली नाही. महिन्यातून एका शाळेत फोन बंद करून आणि शेरेपुस्तक न मागता बसायचे, एवढे मात्र पाळतो.

परदेशस्थ_गुरुजी
मी अमेरिकेत शिक्षकांना वर्गात साथ देण्याचे नेमके हेच काम करते. शिक्षकांचे मूल्यमापन माझ्याकडे नाही, ते मुख्याध्यापक करतात, त्यामुळे केंद्रातला_एक यांची गाठ इथे कागदोपत्री सुटलेली दिसते. तरीही पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी कॉफी पिता पिता विचारले की कोणते शिक्षक कच्चे वाटतात, आणि मी भाबडेपणाने एक नाव सांगून बसले. आठवड्याभरात माझ्यासाठी त्या मजल्यावरची सगळी दारे बंद झाली. ती उघडायला दीड वर्ष लागले, आणि त्या काळात मी बहुतांशी दुसऱ्यांच्या वर्गांसाठी कागद कापले आणि झेरॉक्स काढल्या.

बासष्ट_की_साठदोन
२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि राज्यभर थट्टा सुरू झाली, तेव्हा शिक्षकांना ते समजावण्याचे काम माझ्याकडे होते. मी बदलाची कारणे तासभर सांगितली, पण कोणाला काहीही पटले नाही. शेवटी एक ज्येष्ठ गुरुजी उठले आणि म्हणाले, "बासष्ट म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून माझी पोरे २६ लिहितात. हे मला तीस वर्षे माहीत आहे, तुम्ही विचारलेच नाही." उरलेली सभा त्यांनीच चालवली. दोन्ही वाचने पुस्तकात सोबत दिलेली आहेत, हेही त्यांनीच पान उघडून दाखवले. तेव्हापासून मी कोणत्याही बैठकीत पहिली पंधरा मिनिटे बोलत नाही.

दोनशिक्षकी
मागचा_बाक सर, त्या बाईंशी नंतर त्या नियमाविषयी बोललात का? आणि केंद्रातला_एक, आमच्या शाळेत या, चहा साखर घालून मिळेल.

मागचा_बाक
ताई, बोललो. पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, तो नियम माझाच होता आणि तो चुकीचा होता, असे मी सर्वांसमोर सांगितले आणि काड्यांचा पाठ बाईंनी घेऊन दाखवावा अशी विनंती केली. त्यांनी तो घेतला. मधेच मी काही बोलायला उठलो, तेव्हा त्यांनी खडू हातात घट्ट धरून "सर, बसा" असे म्हटले आणि सारी सभा हसली.