उबुंटूवर ग्नोम न काढता एक्सएफसीई टाकायचंय, आईचा लॅपटॉप आहे, मराठी टायपिंग जायला नको

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी. माझा जुना लॅपटॉप आता आईकडे असतो, 4 जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, उबुंटू 24.04 मीच टाकून दिलंय. आई बचत गटाची सचिव आहे, लिब्रेऑफिसमध्ये हिशोबाची शीट ठेवते आणि मीटिंगचं इतिवृत्त मराठीत टाइप करते. ब्राउझर आणि शीट एकत्र उघडलं की मशीन अडकतं, माउसचा बाणसुद्धा हलत नाही. परवा व्याजाचा कॉलम भरताना असंच झालं, तिने शेवटी पॉवरचं बटण दाबून बंद केलं आणि अर्ध्या तासाचं काम गेलं, फोनवर आवाज अगदी पडला होता तिचा. म्हणून ग्नोम या आत्ताच्या डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई हे हलकं डेस्कटॉप टाकावं म्हणतोय. सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं का? दोन्ही एकत्र राहतात का? आणि मुख्य म्हणजे तिचं फोनेटिक टायपिंग चालेल ना? शनिवार-रविवार गावी जातोय, तेवढाच वेळ आहे.

टर्मिनलवाला:
पुसायची अजिबात गरज नाही. डेस्कटॉप म्हणजे वरचा थर, खालचं उबुंटू तेच राहतं, होम फोल्डरला हात लागत नाही. तरी आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट घे, म्हणजे सिस्टीमची आत्ताची प्रत, आणि शीटा पेनड्राइव्हवर वेगळ्या घे कारण टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळात वगळतो.

मग टर्मिनलमध्ये सुडो एपीटी अपडेट आणि त्यानंतर सुडो एपीटी इन्स्टॉल झुबुंटू-कोअर, हेच एक्सएफसीईचं पॅकेज. झुबुंटू-डेस्कटॉप नको, ते गाणी-चित्रं बघायचे दुसरे प्रोग्राम पण घेऊन येतं आणि आईला मेनूत सगळं दोन-दोनदा दिसेल. मध्येच टर्मिनलभर एक रंगीत पडदा येईल, डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम, कुठला हवा विचारेल, जीडीएम3 की लाइटडीएम. तिथे माउस चालत नाही, बाणाच्या कीने निवडायचं, टॅब मारून ओकेवर जायचं, एंटर. आत्ता जीडीएम3च ठेव, लॉगिनचा ओळखीचा पडदा तसाच राहील.

आता बरेच जण अडकतात ती जागा. रीस्टार्ट केल्यावर आधी नावावर क्लिक कर, पासवर्ड टाकायच्या आत उजवीकडे खाली दातेरी चाक दिसेल, त्यात झुबुंटू सेशन निवड. नावावर क्लिक करेपर्यंत ते चाक दिसतच नाही. आणि ऑटो लॉगिन चालू असेल तर आधी बंद कर, नाहीतर हा पडदाच येणार नाही. एकदा निवडलं की पुढच्या वेळी तेच उघडतं.

रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर, फक्त काढताना जपून. मी एकदा ग्नोमवर केडीई हे दुसरं डेस्कटॉप टाकलं होतं, आठवडाभराने नको वाटलं म्हणून काढलं आणि लगेच ऑटोरिमूव्ह, म्हणजे आता न लागणारी पॅकेजेस काढणारी कमांड, मारली, कायकाय जाणार ती यादी न वाचता वाय दाबला. रीस्टार्टनंतर नुसता काळा पडदा, नेटवर्क मॅनेजर पण गेलेला त्यामुळे वायफाय नाही. कंट्रोल, अल्ट आणि एफ3 एकत्र दाबून टेक्स्ट लॉगिन मिळालं, फोन यूएसबीने जोडून नेट घेतलं आणि उबुंटू-डेस्कटॉप परत टाकलं तेव्हा पहाटे कुठे सुटलो. त्यामुळे ग्नोम डिस्कवर पडून राहू दे, जागा खातो पण लॉगिन करताना निवडला नाही तर रॅम खात नाही. एक्सएफसीईत काही बिघडलं तर आईला परत जायला ती वाट आहे.

काळीचहा:
टायपिंगचं मी सांगते, कारण माझं इथेच अडलं होतं. आयबस म्हणजे मराठी वगैरे टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम, तो ग्नोम स्वतःच सुरू करतो, एक्सएफसीई करेलच असं नाही, मग लॉगिन केल्यावर सगळं इंग्रजीच उमटतं आणि वाटतं कीबोर्ड उडाला. टर्मिनलमध्ये आयएम-कॉन्फिग चालव, आयबस निवड, लॉगआउट करून परत ये. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मेथडमध्ये मराठी, त्यात फोनेटिक. यादीत मराठीखाली फोनेटिक नसेल तर आयबस-एम17एन हे पॅकेज टाकायचं राहिलंय. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस हेच राहतं, काकूंना नवीन शिकावं लागणार नाही. आणि निघायच्या आधी त्यांनाच बसवून 'ज्ञ', 'र्‍या' आणि 'ॲ' टाइप करून घे. आपण 'नमस्कार' टाइप करून चालतंय म्हणतो आणि त्या 'सदस्या' लिहून पुढच्या 'दुसऱ्या'वर अडतात.

जुनंखोड:
एक्सएफसीई जरूर टाक, मी स्वतः कित्येक वर्षं वापरतोय, पण खरं दुखणं हार्ड डिस्कचं आहे. रॅम भरली की मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या जागेवर, जातं आणि फिरत्या डिस्कवरचा स्वॅप म्हणजे बाण अडकणारच. एक्सएफसीईने काही शे एमबी वाचतील, ते ब्राउझरचे चार टॅब खाऊन टाकतील. अडीच इंची साटा एसएसडी बसव, जमलं तर रॅमची अजून एक पट्टी. आणि तोवर लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये लोड/सेव्हखाली ऑटोरिकव्हरीची वेळ 2 मिनिटं कर, म्हणजे माउलीचं काम तरी जाणार नाही.

चिंचगूळ:
झालं! शनिवारी रात्री टाकलं. टर्मिनलवाला, तू म्हणालास तसं चाक सापडेना कारण ऑटो लॉगिन मीच लावून ठेवलेलं. लॉगिन करून काही न उघडता फ्री कमांड दिली तर ग्नोममध्ये 1.3 जीबी रॅम वापरात दिसायची, आता 720 एमबी. काळीचहा ताई, इंग्रजीच उमटत होतं, आयएम-कॉन्फिगने सुटलं. आईने 'र्‍या' साठी तीनदा खोडलं, मग जमलं. ऑटोरिकव्हरी 2 मिनिटांवर केली. काका, एसएसडी पुढच्या पगाराला नक्की.

तिची एकच तक्रार आली, टचपॅडवर टिचकी मारली की क्लिक होईना. ते सेटिंग्जमध्ये माउस आणि टचपॅडमध्ये टचपॅड निवडल्यावर टिचकीने क्लिक असा चौकोन आहे तो टिकमार्क केला. रविवारी सकाळी तिने ब्राउझर उघडा ठेवून अख्खा व्याजाचा कॉलम परत भरला, मी शेजारी बसून बघत होतो, बाण कुठेच अडकला नाही.