सबसिक्वेन्स शोधायला दरवेळी टेबल कशाला मांडायचं?

कातळसडा (रत्नागिरी):
'सबसिक्वेन्स' (क्रम तोच ठेवून काही अक्षरं गाळली की उरतं ते) हा शब्द कानावर पडला की आमच्याकडची इंजिनिअरिंगची पोरं डोळे मिटून डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचं टेबल आखायला घेतात, म्हणजे छोट्या तुकड्यांची उत्तरं खान्यांत भरत मोठं उत्तर काढतात. माझ्या मते दोष त्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे. आधी 'एन अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये २ चा एनवा घात इतके सबसिक्वेन्स' असं सांगून घाबरवायचं आणि मग टेबल पुढे करायचं.

निमित्त सांगतो. आंबा बागायतदारांच्या यादीसाठी सर्च बॉक्स करतोय. कोणी घाईत 'गणपुळे' टाकलं तरी 'गणपतीपुळे' सापडायला हवं. क्रम तोच, मधलं गाळलेलं, म्हणजे सबसिक्वेन्स. एक बोट छोट्या स्ट्रिंगवर, एक मोठीवर. जुळलं की दोन्ही पुढे, नाही जुळलं तर फक्त मोठीवरचं पुढे. एका फेरीत निकाल, ओ ऑफ एन, म्हणजे लिनियर: वेळ लांबीच्या प्रमाणात. पहिलं जुळेल तेच घेतल्याने नुकसान होत नाही, कारण लवकर जुळवलं तर पुढे शोधायला जास्त स्ट्रिंग उरते. इथे टेबल कशाला?

खाडीपलीकडे (दापोली):
तुमचा सर्च बॉक्स पहिल्याच आठवड्यात 'वेंगुर्ला'वर आपटणार. यादीत 'वेंगुर्ले' असेल, तर ९ पैकी ८ कोडपॉइंट (कॉम्प्युटर मोजतो ते सुटे घटक: व्यंजन, मात्रा, हलन्त) जुळतात आणि शेवटची मात्रा जुळत नाही. तुमची दोन बोटं 'नाही' म्हणून मोकळी. लोकांना 'आहे का' नको असतं, 'सगळ्यात जवळचं कुठलं' ते हवं असतं. म्हणजे लाँगेस्ट कॉमन सबसिक्वेन्स, एलसीएस. टेबल आलंच: एका नावाच्या प्रत्येक कोडपॉइंटला एक ओळ, दुसऱ्याच्या प्रत्येकाला एक स्तंभ.

कातळसडा:
तो वेगळा प्रश्न झाला! 'आहे का', 'किती प्रकारे आहे' आणि 'दोघांत सगळ्यात मोठा समान कुठला' हे तीन प्रश्न एकाच पोत्यात भरतात, तिथेच माझं भांडण आहे. पहिला लिनियर, उरलेल्या दोघांना टेबल. मला पहिलाच हवाय.

माडाखाली (मालवण):
अरे बाबांनू, ९ गुणिले ९, ८१ खाने. ५० हजार नावांची यादी धरलास तरी साधारण ४० लाख खाने. हातातलो मोबाईल ता निमिषात करतलो. उगाच कित्याक भांडतास?

सांजवारा (गुहागर):
माडाखाली, गावाच्या नावापुरतं बरोबर आहे. पण धागा कॉम्प्लेक्सिटीचा, म्हणजे लांबी वाढली की काम किती वाढतं याचा आहे, म्हणून हापूस घ्या. आंब्याचा जीनोम ढोबळमानाने ४० कोटी अक्षरांचा. दोन कलमांचे जीनोम सरळ टेबलात घातले तर १६ वर १६ शून्यं इतके खाने. सेकंदाला १०० कोटी भरले तरी ५ वर्षं. कलम तोवर फळाला येईल.

आणि यातून पळवाट नाही. मासेक आणि पॅटरसन यांनी १९८० मध्ये वेळेतला एक लॉगचा (लांबी वाढली तरी फार हळू वाढणारा) भाग वाचवला, तेवढंच. २०१५ मध्ये अबूद, बाकुर्स आणि व्हॅसिलेव्हस्का विल्यम्स यांनी, आणि त्याच वर्षी ब्रिंगमन आणि क्युनेमन यांनी स्वतंत्रपणे, दाखवून दिलं की एलसीएस लांबीच्या वर्गापेक्षा खऱ्या अर्थाने जलद सोडवता आला, म्हणजे घातांक २ च्या खाली आला, तर स्ट्राँग एक्स्पोनेन्शियल टाइम हायपोथिसिस (काही तार्किक कोड्यांना सगळे पर्याय तपासण्याहून फारसा जलद मार्ग नाही, हे गृहीतक) खोटं ठरेल. हे गृहीतक सिद्ध झालेलं नाही, पण ते पाडणंही कोणाला जमलेलं नाही. त्यामुळे टेबलाला नावं ठेवणाऱ्यांनी पर्यायही द्यावा.

खाडीपलीकडे:
५ वर्षांचा हिशेब ऐकायला भारी, पण असं टेबल भरतंय कोण? एकाच जातीची दोन कलमं बहुतांशी सारखीच. मायर्सची १९८६ ची पद्धत बघा. वेळ लांबी गुणिले फरक. फरक थोडे असतील तर काम जवळजवळ लिनियर. कोडमधले बदल दाखवणारा डिफ यावरच चालतो. टेबल मेमरी खातं ही तक्रार तर हिर्शबर्गने १९७५ मध्येच मिटवली: टेबलाच्या दोन ओळी ठेवायच्या आणि उत्तर मधोमध तोडून काढायचं.

सांजवारा:
फरक थोडे असतील तर. हापूस आणि रायवळ घ्या, मग बोला. शिवाय दोनच स्ट्रिंग धरल्यात म्हणून हे चाललंय. कितीही स्ट्रिंगांचा एकत्र समान सबसिक्वेन्स मागितलात तर मेअरने १९७८ मध्येच तो प्रश्न एनपी-हार्ड (ज्यांना जलद पद्धत कोणालाच माहीत नाही, अशांतला) ठरवलाय, आणि तेही फक्त दोनच अक्षरांच्या वर्णमालेवर.

पाणंद (देवगड):
सगळे 'अक्षर अक्षर' म्हणताय आणि मोजताय कोडपॉइंट. 'गणपतीपुळे'त कोडपॉइंट ९, पण आपण वाचतो ती अक्षरं ६: ग, ण, प, ती, पु, ळे. 'किती प्रकारे सापडतं' असं विचारा. कोडपॉइंटने 'गणपुळे' दोन प्रकारे सापडतं, कारण 'प' पहिला घेतला काय नि दुसरा घेतला काय, उकार पुढेच आहे. अक्षरांनी मोजलं तर एकाच प्रकारे. कातळसडांची पद्धत पहिला 'प' घेऊन त्याला दुसऱ्याच 'प'चा उकार लावते. उत्तर 'हो' येतं, पण जुळलेला भाग ठळक करून दाखवायला गेलात की स्क्रीनवर गोंधळ.

कातळसडा:
मुद्दा पटला, पण अक्षरांनी तोडलं तरी काम लिनियरच राहतं.

पाणंद:
एका शोधापुरतं, हो. पण यादी तीच आणि शोध हजारो, तेव्हा तुम्ही 'या जागेनंतर हे अक्षर पुढे कुठे' असा तक्ता आधीच करून ठेवणार ना? तो लांबी गुणिले वर्णमाला इतका मोठा. कोडपॉइंटला शेकड्यात भागतं, जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरल्या तर हजारांत जातं. त्यापेक्षा प्रत्येक अक्षर कुठे कुठे आलंय त्या जागांची चढती यादी ठेवा आणि बायनरी सर्च (दरवेळी यादी अर्धी करत शोधणं) लावा. एक लॉग वाढेल, मेमरी वाचेल.

त्याआधी 'कऱ्हाडे' आडनाव तपासा. 'ऱ्ह' टाइप करायचे दोन मार्ग आहेत: थेट ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आतले कोडपॉइंट वेगळे. अशा दोन नावांना तुमची दोन बोटंही 'नाही' म्हणतील, आणि टेबलही पूर्ण जुळणी देणार नाही. यादी एकाच माणसाने टाइप केलेली नसेल, तर दोन्ही प्रकार त्यात असणारच.